काशीच्या घाटावरून थेट सुवर्णापर्यंत

पैठणच्या नागघाटावरून गोदावरीत कधी सूर मारलाय? मग सचिन नाग हे नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं. आपलं पैठण दक्षिण काशी. नाग खुद्द काशीचे. जन्म १९२० चा. पोहायला शिकले गंगेत. पुढे कोलकात्याच्या हाटखोला क्लबमध्ये वॉटर पोलोही खेळले. हा खेळ सोपा नाही बरं का! तळाला पाय टेकायचे नाहीत, चेंडू एकाच हाताने झेलायचा आणि फेकायचा.

१९४७ मध्ये कोलकात्यातल्या दंगलीत त्यांच्या पायाला गोळी लागली. सावरायला दोन वर्षं लागतील, असं डॉक्टर म्हणाले. नाग पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या पाण्यात! भारताने चिलीला ७-४ हरवलं, त्यात त्यांचेही गोल होते.

१९५१, दिल्ली, पहिली आशियाई स्पर्धा. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये नाग पहिले. आशियाई स्पर्धांतलं भारताचं हे पहिलंच सुवर्ण. वॉटर पोलोचं सुवर्णही आपलंच, त्या संघातही ते होते.

१९८७ मध्ये ते गेले. ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० मध्ये, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी. तुमच्या वर्गातही एखादा पट्टीचा पोहणारा असेल. त्याचं नाव कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना आजच सांगा.