प्राध्यापक पिशारोटी

दिंडोशीच्या टेकडीवर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर पावसाळ्यानंतर राष्ट्रीय उद्यानाचे हिरवेगार रान नजरेत भरते. पण हेच रान कृत्रिम उपग्रहाने टिपलेल्या चित्रात पुष्कळदा तांबडेलाल दिसते. त्याच चित्रात विहार तलाव काळाभोर असतो आणि दाट वस्ती निळसर करडी. असे चित्र प्रथमच हाती घेणारा विद्यार्थी गोंधळून जातो. हिरव्या झाडांना तांबडा रंग कोणी दिला? हे कोडे ज्यांनी आपल्या देशाच्या उपयोगी आणले, त्या प्राध्यापक पिशारोटी यांची ही जीवनकथा आहे.

पिशारोट रामा पिशारोटी यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळातील कोल्लेंगोड या गावी झाला. शिक्षण संपल्यावर ते महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. सुटी लागली, की इतर अध्यापक घरी परतत. पिशारोटी मात्र बंगळूर गाठीत आणि सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करीत. पुढे १९४२ साली ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. तेथे मान होता, स्थैर्य होते. तरीही चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले! अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात, याकोब ब्येर्कनेस या थोर हवामानशास्त्रज्ञापाशी त्यांनी अध्ययन केले आणि १९५४ साली डॉक्टरेट मिळविली. आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसणे प्रौढ माणसास किती जड जाते, हे ज्याने शाळेत जन्म घालविला आहे त्यालाच कळेल.

स्वदेशी परतल्यानंतर मुंबईची कुलाबा वेधशाळा आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा यांची धुरा त्यांच्याकडे आली. (मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबकीय उपकरणे बिघडतील, म्हणून ती खाडीपलीकडे अलिबागला हलविण्यात आली होती.) १९६२ साली पुण्यास उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधनसंस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक झाले. आपल्या मोसमी पावसाचे बरेचसे पाणी अरबी समुद्रातूनच वर चढते, असे त्यांनी मांडले. विषुववृत्तापलीकडून येणाऱ्या बाष्पाचा वाटा याहून मोठा आहे, असे नंतरच्या संशोधकांनी दाखविले. शास्त्रात असे चालतेच.

१९६७ साली ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. त्याच सुमारास डॉ. विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत बोलावून घेतले. त्या वेळी भारताचा स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. वरून पाहून शेतीचे काही भले करता येईल का, हा प्रश्न साराभाईंच्या मनात होता. उत्तर शोधण्याची जागा पिशारोटींना आपल्या जन्मभूमीतच सापडली.

केरळात माडांना मुळांचा एक रोग जडला होता. पाने लुळी पडत, पिवळी होत, नारळ कमी लागत. त्यावर औषध नव्हते. रोग डोळ्यांना दिसेपर्यंत तो शेजारच्या माडांत शिरलेला असे. ज्यांचा संसार दहावीस माडांवर चाले, त्यांनी काय करावे? लाखो माड एकेक करून तपासणार कोण?

पिशारोटींनी हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरे बसविले आणि त्यांत अवरक्त किरण टिपणारी फिल्म घातली. निरोगी पान सूर्याचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. ते किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण या फिल्मवर त्यांचा ठसा तांबड्या रंगात उमटतो. पान आजारी पडले, की परतणारे किरण घटतात आणि तांबडा रंग फिका होतो. १९७०च्या सुमारास माडबनांवरून घेतलेल्या या छायाचित्रांत रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे ओळखता आले. दुरून वस्तूची परीक्षा करण्याच्या या विद्येला दूरसंवेदन म्हणतात. भारतात तिचा पाया या प्रयोगाने घातला. माडाचा रोग काही त्यामुळे बरा झाला नाही. परंतु तो कोठे आहे, हे कळण्याची वाट सापडली. १९७० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

पुढील वर्षाच्या अखेरीस साराभाई अकस्मात निवर्तले. पिशारोटींनी काम सोडले नाही. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात दूरसंवेदनाचा विभाग त्यांनी सांभाळला. १९७९ साली भास्कर उपग्रह आकाशात गेला. १७ मार्च १९८८ रोजी भारतीय दूरसंवेदन मालिकेतील पहिला उपग्रह झेपावला. त्याच्या चित्रांतील अगदी बारीक ठिपकादेखील सुमारे ३६ मीटर लांब व तितक्याच रुंद जमिनीचा होता. हेलिकॉप्टरमधून एकेक माड दिसे. येथे वीसएक माड एका ठिपक्यात मावत! शिवाय हा ठिपका म्हणजे रंग नव्हे, तर काही आकडे. तांबड्या प्रकाशाचा आकडा लहान आणि अवरक्ताचा मोठा असला, तर तेथे हिरवळ आहे, असे आजचा विद्यार्थी संगणकावर ताडतो. मात्र ती हिरवळ गवताची की रानाची, अशी शंका आली, तर त्याला चित्र घेऊन टेकडीवर जावे लागते.

केरळच्या माडबनांवर केलेल्या त्या प्रयोगापासून स्वदेशी उपग्रहांच्या चित्रांपर्यंतचा हा सारा प्रवास प्राध्यापक पिशारोटींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.