हरितलवकांचे धागे पाहणारे गॉटलीब हाबरलांट

विद्यार्थी मित्रांनो, शास्त्रज्ञांची ओळख करून देताना आम्ही बहुधा त्यांच्या यशाविषयी लिहितो. या वेळी मात्र आपला फसलेला प्रयोगही जगापुढे मांडणाऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत.

गॉटलीब हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ रोजी आजच्या हंगेरीत झाला. वडील शेतीशास्त्राचे प्राध्यापक होते. गॉटलीब व्हिएन्ना येथे शिकले व पुढे ग्राझ येथे शिकवू लागले. वनस्पतीच्या प्रत्येक भागाची रचना त्याच्या कामाला साजेशी असते, हा विचार त्यांनी १८८४ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

१८८८ मध्ये नेच्यांच्या दूरच्या नात्यातील सेलाजिनेला ही वनस्पती सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना एक नवल दिसले. पेशीतील हरितलवके माळेतल्या मण्यांसारखी बारीक धाग्यांनी जोडलेली होती! या धाग्यांचा उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरी त्यांनी जे दिसले ते लिहून ठेवले.

असे धागे म्हणजे हरितलवकाच्या दुहेरी आवरणातून निघालेल्या नळ्या. त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. आत हरितलवकातील स्ट्रोमा हा द्रव असतो, पण हरितद्रव्य नसते. म्हणून त्या सहज दिसत नाहीत. १९६२ मध्ये पालकाच्या जिवंत पेशींच्या चित्रफितीत अशा हालचाली टिपल्या गेल्या. १९९७ मध्ये जेलीफिशमधील चमकणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने त्या स्पष्ट दिसल्या आणि २००० साली त्यांना 'स्ट्रोम्यूल' हे नाव मिळाले. या नळ्या लांबतात, आखडतात, त्यांना फाटे फुटतात. त्यांच्यामुळे हरितलवकाचा पृष्ठभाग वाढतो. रोगजंतूंचा हल्ला झाला की त्या पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतात आणि बचावाचे संदेश नेण्यास मदत करतात, असे २०१५ मधील संशोधनातून दिसले. दोन हरितलवकांमध्ये त्यांतून देवाणघेवाण होते का, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

१९०२ मध्ये हाबरलांट यांनी सुट्या पेशी पोषक द्रवात वाढवून पाहिल्या. त्या काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, पण एकीचेही विभाजन झाले नाही. हे अपयश त्यांनी लपवले नाही. उलट, एका पेशीपासून कधीतरी संपूर्ण रोप घडवता येईल, असे भाकीतही केले. १९१० मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले आणि ३० जानेवारी १९४५ रोजी तेथेच निवर्तले. पुढे १९५८ मध्ये गाजराच्या पेशींनी त्यांचे भाकीत खरे ठरवले. आज जळगावच्या शेतांत लागणारी ऊतिसंवर्धित केळीची रोपे त्याच विचाराचे फळ आहेत.

मित्रांनो, प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर येण्यासाठी आकडे बदलण्याचा मोह आपल्याला होतो. पालकही गुणांकडेच पाहतात. अशा वेळी हाबरलांट यांची आठवण ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.