भाई कोतवाल

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ऊर्फ भाई कोतवाल (१ डिसेंबर १९१२, माथेरान – २ जानेवारी १९४३, सिद्धगड, ता. मुरबाड, जि. ठाणे) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा, वकील व शेतकरी कार्यकर्ते होते. १९४२ च्या भूमिगत चळवळीतील आझाद दस्ता ही सशस्त्र तुकडी त्यांनी उभारली.

जीवन

कोतवालांचा जन्म माथेरान येथील एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. पुण्यात शिक्षण घेऊन पुढे ते वकील झाले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषविले. परंतु त्यांचे खरे कार्यक्षेत्र डोंगराखालची गावे हेच राहिले. कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी चाळीसहून अधिक स्वयंसेवी शाळा सुरू केल्या.

धान्य कोठी

कर्जत, मुरबाड, शहापूर या पट्ट्यातील कातकरी, ठाकर व कुणबी कुटुंबांचे धान्य ऐन पावसाळ्यात संपत असे. मग सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक येताच खळ्यावरच भात दिढीदुपटीने मोजून द्यायचे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. त्याला पर्याय म्हणून कोतवालांनी धान्य कोठ्या काढल्या. त्यांच्या साऱ्या कार्यात हे काम सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. मात्र त्याची चर्चा फारशी होत नाही.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला. तेथून येणारा तांदूळ व खनिज तेल दोन्ही बंद झाले आणि धान्याबरोबर रॉकेलचीही टंचाई भासू लागली. त्याच काळात युद्धाच्या मागणीमुळे मुंबईच्या कापडगिरण्यांचा नफा मात्र वाढत होता. या गिरण्यांना व रेल्वेला वीज पुरविणारी टाटांची केंद्रे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथे होती. त्यांपैकी भिवपुरी कर्जत तालुक्यातच येते. विजेच्या तारा झोपड्यांवरून मुंबईला जात आणि खाली चिमणीपुरते रॉकेल मिळणेही कठीण होई. (शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे.)

आझाद दस्ता

छोडो भारत आंदोलन सुरू झाल्यावर कोतवाल भूमिगत झाले. या तारांच्या मनोऱ्यांवर घाव घातल्यास मुंबईतील युद्धोत्पादन थांबेल, हे त्यांनी हेरले होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने अकरा मनोरे पाडले. त्यामुळे गिरण्या व रेल्वेचे काम विस्कळीत झाले. सरकारने कोतवालांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. दस्ता मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या जंगलात आश्रयास गेला.

मृत्यू

२ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने सिद्धगडावरील तळाला वेढा दिला. गोळीबारात कोतवाल व मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील यांना मरण आले. कोतवालांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. सिद्धगड येथे त्यांचे स्मारक असून दरवर्षी २ जानेवारीस मुरबाड व कर्जत परिसरातील लोक तेथे जमतात.