मूठभर धान्याची शाळा

मी पडले कॉन्व्हेंटवाली. कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव मला फक्त जनरल नॉलेजच्या पुस्तकातून माहीत. रयत शिक्षण संस्था, स्थापना १९१९, गाव काले. एक मार्क, विषय संपला!

गेल्या वर्षी एनएसएसच्या कॅम्पमध्ये आम्ही एका गावच्या शाळेत पाण्याची टाकी बांधली. सिव्हिलवाले आम्ही, ड्रॉइंग एकदम झकास. यंदा जाऊन बघतो तर नळ गायब, टाकी कोरडी. टाकी कुठे हवी, हे आम्ही गावात कुणाला विचारलंच नव्हतं. शेजारची जुनी दगडी खोली मात्र ठणठणीत! ती गावकऱ्यांनी श्रमदानातून बांधलेली, डागडुजीही तेच करतात. आत भाऊरावांचा फोटो होता. परत आल्यावर लायब्ररीत त्यांचं चरित्र शोधलं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. (मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!) खेड्यातला माणूस कशासाठी हात सैल सोडतो, हे त्यांना तिथेच कळलं असावं.

१९२४ मध्ये त्यांनी साताऱ्याला बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पैशांची मात्र कायम बोंब. मग खेड्यातल्या बायका रोजच्या धान्यातून एक मूठ बोर्डिंगसाठी बाजूला ठेवू लागल्या. मुलं शेतात राबायची, बांधकामावर घाम गाळायची. ‘कमवा आणि शिका’ ती हीच. कोठी रिकामी झाली तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या गेल्या. मेसच्या पोळीला नावं ठेवताना मला हल्ली त्या आठवतात.

पुढे भाऊरावांनी खेडोपाडी शाळा काढल्या. इमारत नसेल तिथे देवळात, चावडीत वर्ग भरायचे. इमारतीवाचून शाळा अडली नाही, कारण गाव पाठीशी होतं. ज्यानं मूठभर धान्य दिलं, तो शाळा बंद कशी पडू देईल? आमच्या एस्टिमेटमध्ये सिमेंट, वाळू, खडी सगळं होतं, ही मूठ तेवढी नव्हती.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

पुढच्या कॅम्पला आम्ही त्याच गावात जाणार आहोत. पहिला दिवस ड्रॉइंग बॅगेतच राहील. आधी चावडीवर बसायचं आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचं, की नळ कुठे हवा.