तक्ता, कतरण आणि कांटोरोविच

काटकसर हा आपल्याकडे नीतीचा विषय मानला जातो. ती गणिताचाही विषय आहे, हे दाखवून देणाऱ्या लिओनिद कांटोरोविच यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच घेतले जाते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापुरातील एखाद्या सुताराला किंवा पत्राकाम करणाऱ्याला या रशियन गणितज्ञाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. वस्तुतः त्याचे कर्तव्य रोजचेच आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडच्या तक्त्यातून तीन बाय दोन फुटांच्या फळ्या काढावयाच्या आहेत. सर्व फळ्या एकाच दिशेने लांबीवर आखल्या तर चार निघतात आणि आठ चौरस फूट कतरण उरते. उरलेल्या पट्टीत एक फळी उभी फिरवून बसविली तर पाच निघतात आणि कतरण दोन चौरस फुटांवर येते. करवतीची जाडी क्षणभर बाजूला ठेवली, तर वीस फळ्यांसाठी पाचऐवजी चार तक्ते पुरतात. फळ्या एकाच मापाच्या असल्या की हे नजरेने साधते. तीस मापे एकत्र आली की अनुभवी कारागिराचीही नजर थकते. कांटोरोविच यांचे कार्य सुरू होते ते येथून.

त्यांचा जन्म १९१२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे एका डॉक्टरच्या घरी झाला. दहाव्या वर्षी पितृछत्र हरपले. चौदाव्या वर्षी ते विद्यापीठात दाखल झाले, अठराव्या वर्षी पदवीधर झाले आणि बाविसाव्या वर्षी प्राध्यापक. शुद्ध गणितात त्यांची कीर्ती स्थिर होत असतानाच, १९३८ साली प्लायवूड उद्योगाच्या एका संस्थेने त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला: निरनिराळ्या जातींचे लाकूड निरनिराळ्या क्षमतेच्या सोलयंत्रांवर कसे वाटावे, की उत्पादन सर्वाधिक होईल? शक्य असलेल्या वाटण्या इतक्या होत्या की एकेक तपासत बसणे अशक्यच. कांटोरोविच यांनी प्रत्येक मर्यादेला एक गुणक, म्हणजे एक प्रकारचे मूल्य, जोडून उत्तरापर्यंत पोहोचण्याची रीत शोधली. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेत याच रीतीने यंत्रांची वाटणी, कच्च्या मालाचा विनियोग आणि तक्त्यांची कापणी हे प्रश्न सोडविलेले आहेत. आज ज्याला रेषीय आयोजन म्हणतात त्याचा हा आरंभ होय. अमेरिकेत डँटझिग यांनी आपली पद्धती १९४७ साली स्वतंत्रपणे मांडली.

पुढील वाट मात्र सुकर नव्हती. या गुणकांचा अर्थ असा की दुर्मीळ साधनाला, त्याच्यावर किती श्रम झाले यापलीकडे, त्याच्या दुर्मीळतेचे मूल्य असते. श्रममूल्याच्या अधिकृत सिद्धान्तावर उभ्या असलेल्या राजवटीला हा विचार पाखंडी वाटला. युद्धकाळात, १९४२ साली, त्यांनी लिहिलेला साधनांच्या सर्वोत्तम विनियोगावरील ग्रंथ नियोजनकर्त्यांनी स्वीकारला नाही. तो प्रसिद्ध व्हायला १९५९ उजाडावे लागले. कापणीचे गणित मात्र त्यांनी सोडले नाही. झाल्गालर यांच्यासमवेत त्यांनी लेनिनग्राडच्या वॅगन कारखान्यात पत्र्याच्या कापणीची गणिते मांडली आणि १९५१ साली त्यावर पुस्तक लिहिले. कतरण घटली तेव्हा कारखान्याचे भंगार पुरविण्याचे सरकारी उद्दिष्ट हुकले आणि व्यवस्थापकांची पंचाईत झाली, असे सांगितले जाते. उद्दिष्ट चुकीचे असेल तर काटकसरही गुन्हा ठरते, हा त्यातील धडा.

१९७५ साली कूपमन्स यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारे ते एकमेव सोव्हिएत नागरिक. ७ एप्रिल १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज हेच काम संगणक करतो. स्प्रेडशीटमध्ये सुट्या भागांची लांबी, रुंदी, जाडी व नग भरले की आज्ञावली त्या यादीवरून प्रत्येक भाग तक्त्यावर बसवून कॅडचे कापणी-आरेखन हाती देते. त्यामागे कांटोरोविच व त्यांच्यानंतरच्या गणितज्ञांची परंपरा उभी आहे. परंतु यादीत जे लिहिलेले नाही ते संगणकाला कळत नाही. लाकडाच्या रेषेमुळे कोणती फळी फिरविता येत नाही, करवत किती माल खाते, उरलेला तुकडा पुढच्या कामासाठी ठेवण्याजोगा आहे की भंगारात घालण्याजोगा, हे माणसालाच ठरवावे लागते. उरलेल्या तुकड्याचे मूल्य शून्य धरले तर आज्ञावली तो निष्ठुरपणे वाया घालवील. तेथेच कांटोरोविच यांचा गुणक पुन्हा आठवतो.

मोठा कारखाना कतरणीचा तोटा हजारो नगांवर पसरवितो. बाळापूरच्या छोट्या कारागिराच्या मजुरीतून तो थेट वजा होतो. म्हणूनच हे गणित महानगरातील कारखान्यांपुरते राहू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रंधा आणि वेल्डिंग शिकविताना मापांची यादी नीट मांडणे आणि तक्त्याचा हिशेब करणे हेही शिकविले गेले पाहिजे. त्यासाठी महागडे यंत्र आधी लागत नाही. कांटोरोविच यांनी पहिले उत्तर कागदावरच काढले होते.