विश्लेषण : एका पेल्यातला गाळ आणि बडोद्याची गादी... मल्हाररावांच्या खटल्यात पुरावा कुठे निसटला?

इस्लामपूर असो वा मुंबई, गंभीर गुन्हा घडला की अनेकदा पोलिसांच्या आधी बघ्यांची गर्दी आत शिरते. कोणी भांडी उचलून ठेवते, कोणी फरशी पुसून घेते. त्याने नेमके काय बिघडते, हे बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या आयुष्यातून कळते. १८७४ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला विष घालण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. चौकशी झाली, गादीही गेली. पण विष कोणी घातले, याचे सर्वांना पटेल असे उत्तर मिळाले नाही.

मल्हारराव कोण होते?

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. थोरले बंधू खंडेराव १८५६ मध्ये बडोद्याच्या गादीवर आले. त्यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ मध्ये मल्हाररावांना पाद्रा येथे कैदेत टाकण्यात आले. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेरावांचे निधन झाले आणि कैदी थेट राजा झाला. तरीही गादी लगेच पक्की झाली नाही. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांना पायउतार व्हावे लागले असते. १८७१ मध्ये मुलगी झाली आणि त्यांचा मार्ग मोकळा झाला.

राज्यकारभाराविषयी मात्र तक्रारींचा ढीग साचला. भावाने चांदीच्या तोफा केल्या होत्या, यांनी सोन्याच्या केल्या. दुसरीकडे रयत करवसुलीने त्रासली होती. १८७३ मध्ये ब्रिटिशांनी चौकशी आयोग नेमला आणि कारभार सुधारण्यासाठी १८७५ अखेरपर्यंतची मुदत दिली. त्या काळात दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण झाले होते.

रेसिडेंटशी वाद का पेटला?

कर्नल रॉबर्ट फेयर १८७३ मध्ये रेसिडेंट म्हणून आले. महाराजांविरुद्धच्या तक्रारींना त्यांनी उघड पाठबळ दिले. मल्हाररावांचा लक्ष्मीबाईंशी झालेला विवाहही त्यांनी मान्य केला नाही. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी खलिता पाठवून फेयर यांना हटवण्याची मागणी केली. पुढच्या आठ दिवसांत सगळे चित्र पालटले.

९ नोव्हेंबरला काय घडले?

सोमवारची सकाळ. फेयर फिरून परतले. नेहमीप्रमाणे त्यांच्या खोलीत पपनसाच्या सरबताचा पेला ठेवलेला होता. दोन-तीन घोट घेतल्यावर काही वेळाने त्यांना अस्वस्थ वाटू लागले. त्यांनी उरलेले सरबत खिडकीबाहेर फेकून दिले. मग पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सूअर्ड यांनी तो तपासला तेव्हा त्यात सोमल आढळला. नमुना मुंबईच्या रासायनिक विश्लेषकांकडे गेला आणि तिथेही सोमल असल्याचे स्पष्ट झाले. सोबत चकाकणारी बारीक पूड होती. ती हिऱ्याची असल्याचा आरोप पुढे झाला. त्याच सकाळी ठरलेल्या भेटीसाठी मल्हारराव रेसिडेन्सीत येऊन गेले होते.

तपासात काय चुकले?

पहिली चूक पीडिताच्याच हातून झाली. विष असेल अशी शंका येण्याआधीच बहुतेक सरबत बाहेर फेकले गेले होते. हाती उरला तो तळाचा गाळ.

दुसरी चूक अधिक मोठी होती. सुरुवातीची चौकशी फेयर आणि त्यांच्याच कचेरीने केली. ज्याच्यावर विषप्रयोग झाला आणि ज्याचे आरोपीशी उघड वैर होते, तोच तपास करत होता. मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आपल्या माणसांसह डिसेंबरमध्ये आले, तोवर महिना उलटला होता. मधल्या काळात नोकरचाकर मोकळे होते.

तिसरी चूक पुराव्याच्या साखळीची. डिसेंबरच्या शेवटी रावजी नावाच्या हवालदाराने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली. विषाची पुडी पट्ट्यात ठेवत असे, असे त्याने सांगितले. तो पट्टा तोवर दुसऱ्या शिपायाकडे गेला होता. पोलीस अधिकारी अकबर अली यांनी पट्टा चाचपला आणि सोमलाची पुडी निघाली. सहा आठवडे हातोहात फिरलेल्या पट्ट्यात ती कोणाच्या लक्षात कशी आली नाही? ती आधीपासून होती, की नंतर ठेवली गेली? बचाव पक्षाचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी नेमके यावरच बोट ठेवले.

निकाल काय लागला?

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. फेब्रुवारीत सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज सदस्यांना ते दोषी वाटले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. मते तीन विरुद्ध तीन अशी पडली.

तरीही एप्रिलमध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. विषप्रयोगाच्या आरोपाऐवजी गैरकारभाराचे कारण देण्यात आले. त्यांची रवानगी मद्रासला झाली आणि तिथेच १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले. जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्यातील गोपाळ या मुलाला दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून गाजले.

पुराव्यातील त्रुटींमुळे मल्हारराव निर्दोष ठरतात, असे नाही. ते दोषी असतील तर गुन्हा सिद्ध झाला नाही आणि निर्दोष असतील तर कलंक पुसला गेला नाही. बिघडलेला पुरावा दोन्ही बाजूंचे नुकसान करतो, ते असे.

आज काय बदलले?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद कलम १७६ मध्ये आहे. ती राबवण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. झडती आणि जप्तीचेही चित्रीकरण करावे लागते. पंचनामा, लाखेचे सील, मुद्देमाल कोणी कोणाकडे कधी दिला याची नोंद, हे सारे बडोद्यातला तो पट्टा पुन्हा घडू नये यासाठीच आहे. इस्लामपूरच्या लोकांना प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आता कोल्हापुरातच आहे.

नागरिकांनी काय करावे?

जखमीला आधी मदत करावी आणि ११२ वर कळवावे. त्यानंतर कशालाही हात लावू नये. दार लोटून घ्यावे, पाऊस येत असेल तर पाऊलखुणांवर घमेले पालथे घालावे. विषबाधेची शंका असेल तर पेला, ताट, उलटी, बाटली यातले काहीही धुऊ किंवा फेकू नये. कोण आत गेले, काय हलवले, हे पोलिसांना खरे सांगावे. घटनास्थळाचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत.