चौघींमधली दुसरी : लुइसा मे अल्कॉट

शांता शेळके यांचं 'चौघीजणी' आपल्यापैकी बऱ्याच जणींनी (आणि गुपचूप काही जणांनीही) आठवी-नववीत वाचलेलं असतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी निदान २०१९ सालचा 'लिटल विमेन' हा सिनेमा तरी बघितलेला असतो. मेग, जो, बेथ आणि एमी या चार बहिणी, त्यांची आई आणि शेजारचा लॉरी. यात राजपुत्र नाही, राक्षस नाही, जादूची अंगठी नाही. पैशांची ओढाताण आहे, जळालेला झगा आहे, बहिणीवर धरलेला राग आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांच्याच घरातल्यासारखी गोष्ट लिहायची, हे आज आपल्याला साधं वाटतं. १८६८ साली ते साधं नव्हतं. त्या काळी मुलींच्या हाती पडायच्या त्या बहुतेक उपदेशाच्या गोष्टी. चांगली मुलगी आजारी पडून स्वर्गात जायची आणि वाईट मुलगी पस्तावायची.

हे बदलणाऱ्या लुइसा मे अल्कॉटला मुळात असं पुस्तक लिहायचंच नव्हतं.

तिचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा, अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमधला. त्याच तारखेला तिचे वडील तेहतीस वर्षांचे झाले. थोरली अ‍ॅना, मग लुइसा, मग एलिझाबेथ आणि शेवटची मे. म्हणजे लुइसा चौघींमधली दुसरी, कादंबरीतल्या जोसारखीच.

वडील ब्रॉन्सन अल्कॉट हा मोठा विलक्षण माणूस. शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी फेरीवाला, पुढे स्वतःच शिकून शिक्षक आणि तत्त्वचिंतक झालेला. बोस्टनमध्ये त्यांनी शाळा काढली. मुलांना पाठांतर करायला लावायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं, प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत. शुभवर्तमानांवर मुलांशी झालेल्या गप्पा त्यांनी छापल्या आणि गावात गहजब उडाला. पालकांनी मुलं काढून घेतली. नंतरच्या शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा उरलेसुरले पालकही गेले. त्या मुलीला काढा म्हणणाऱ्यांपुढे ते वाकले नाहीत, याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. पण घरात चार मुली, डोक्यावर कर्ज आणि पगारी काम करायची या गृहस्थांची तयारी नाही. माणूस तत्त्वाला पक्का होता, त्या तत्त्वाची किंमत मात्र बायको आणि मुली मोजत होत्या.

याचा कळस झाला १८४३ मध्ये. लुइसा तेव्हा दहा वर्षांची होती. वडिलांनी आणि त्यांच्या एका इंग्रज मित्राने मॅसॅच्युसेट्समध्ये शेत घेऊन एक आदर्श वसाहत वसवली. तिचं नाव 'फ्रूटलँड्स', म्हणजे फळांचा देश. गंमत म्हणजे तिथे फळझाडं मोजकीच होती. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, चहा नाही. कापूस गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून सुती कपडे नाहीत. लोकर मेंढीची म्हणून तीही नाही. उरलं तागाचं कापड, तेही बर्फाच्या प्रदेशात. पुरुषमंडळी विचार सांगायला गावोगाव जात. शेत आणि चूल सांभाळत होती आई. सातेक महिन्यांत, ऐन हिवाळ्यात हा प्रयोग कोसळला. वडील खचून अंथरुणाला खिळले, अन्नपाणी घेईनात. शेवटी आईनेच धीर धरून सगळ्यांना तिथून हलवलं. लुइसाने तीस वर्षांनी या दिवसांवर एक मिस्कील हकिकत लिहिली. वाचताना हसू येतं, आणि लगेच लक्षात येतं की ही पोर तेव्हा उपाशी होती.

घर चालवायचं ते आपणच, हे लुइसाच्या मनाने फार लवकर घेतलं. आई अ‍ॅबिगेल बोस्टनमध्ये गरीब वस्त्यांतून समाजसेवेचं पगारी काम करू लागली. मुलीही मिळेल ते काम करू लागल्या. लुइसाने शिकवण्या घेतल्या, शिवणकाम केलं, मुलं सांभाळली. अठराव्या वर्षी ती डेडहॅम गावात एका घरी सोबतीण म्हणून राहिली. प्रत्यक्षात तिथे बर्फ उपसणं, पाणी आणणं, बूट पुसणं असली कामं तिच्या वाट्याला आली. सात आठवड्यांनी ती निघाली तेव्हा हातावर पडले चार डॉलर.

या कष्टांच्या जोडीला नशिबाने तिला शेजार मात्र असा दिला की हेवा वाटावा. कॉन्कॉर्ड गावात इमर्सनच्या घरचं ग्रंथालय तिला खुलं होतं. थोरो या मुलांना रानात, नदीवर फिरायला नेई. पुढे हॉथॉर्नही शेजारी होता. कुठल्याही कॉलेजात न जाता तिला हे शिक्षण मिळालं.

लिहायची ती लहानपणापासून. बहिणींसाठी नाटकं लिहायची आणि खलनायकाची भूमिका स्वतःकडे ठेवायची. पहिलं पुस्तक, परीकथांचं, १८५४ मध्ये निघालं आणि त्याचे बत्तीस डॉलर मिळाले. पुढे एका प्रतिष्ठित संपादक-प्रकाशकाने तिला सांगितलं की बाई, शिकवायचं काम धरा, लिहिणं तुम्हाला जमायचं नाही. शाळा काढायला त्याने चाळीस डॉलर उसनेही दिले. शाळा चालली नाही. 'लिटल विमेन' गाजल्यावर तिने ते पैसे त्याला परत केले. काय समाधान वाटलं असेल!

पैशांसाठी तिने आणखी एक गोष्ट केली, जी तिच्या हयातीत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. ए. एम. बर्नार्ड या खोट्या नावाने, कधी नावाशिवायच, ती साप्ताहिकांना रहस्य, सूड, विष आणि वेषांतराच्या कथा पुरवायची. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाचक जसे तुटून पडायचे, तसल्या या कथा. अशाच एका कथेला शंभर डॉलरचं बक्षीस मिळालं. बर्नार्ड म्हणजे अल्कॉट, हा उलगडा दोन संशोधक स्त्रियांनी केला तो थेट १९४३ मध्ये. कादंबरीत प्रोफेसर भाअर जोला असल्या कथांची लाज वाटायला लावतो. खऱ्या लुइसाला त्या लिहायला मजा येत होती, असंच त्या वाचल्यावर वाटतं.

आता कादंबरी आणि आयुष्य शेजारी ठेवून बघा. कादंबरीत वडील यादवी युद्धावर गेलेत, म्हणून घरात नाहीत. प्रत्यक्षात युद्धावर गेली ती लुइसा. डिसेंबर १८६२ मध्ये, तिशी ओलांडताच, ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून दाखल झाली. हॉटेलचं इस्पितळ केलेलं, हवा कोंदट, आणि फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतले जखमी गाड्या भरभरून येत होते. जेमतेम सहा आठवडे झाले आणि तिला विषमज्वराने गाठलं. डॉक्टरांनी कॅलोमेल दिलं, म्हणजे पाऱ्याचं औषध. तेव्हा ते सर्रास देत. तिला घरी न्यायला आले ते वडील. कादंबरीत आजारी वडिलांकडे जायला आईला पैसे हवेत म्हणून जो आपले केस विकते. खऱ्या लुइसाचे लांबसडक केस तापात कापून टाकावे लागले.

वडील आणि मुलगी यांची अशी अदलाबदल तिने का केली असावी? मला वाटतं, घरात न कमावणारा बाप दाखवण्यापेक्षा युद्धावर गेलेला बाप दाखवणं तिला सोपं गेलं. पितृभक्ती म्हणा, नाहीतर लेखिकेची हुशारी म्हणा. त्यामुळे एक गोष्ट मात्र साधली. बाप बाजूला झाला आणि घर पूर्णपणे बायकांचं झालं. निर्णय त्यांचे, चुका त्यांच्या, कमाईही त्यांचीच.

बेथच्या बाबतीत तिने फार बदल केला नाही. एलिझाबेथला खरोखरच १८५६ मध्ये लाल ताप आला होता, आणि तो आई ज्या गरीब कुटुंबाची शुश्रूषा करत होती तिथूनच घरात आला होता. ती त्यातून उठली, पण सावरली नाही. दोन वर्षं झिजत झिजत १४ मार्च १८५८ रोजी गेली. वय बावीस. उपदेशाच्या गोष्टींत मुलं मरायची ती वाचकांना धडा मिळावा म्हणून. बेथच्या मरणातून कसलाच धडा निघत नाही. घरात एक जागा रिकामी होते, एवढंच. कित्येक वाचक त्या प्रकरणाशी पुस्तक मिटून ठेवतात, याचं कारण हेच असावं.

इस्पितळातून तिने घरी पाठवलेल्या पत्रांचं १८६३ मध्ये पुस्तक झालं, 'हॉस्पिटल स्केचेस'. त्यात तिचा खरा आवाज पहिल्यांदा उमटला. स्वतःला हसणारा, पण डोळे उघडे ठेवणारा.

आणि मग सप्टेंबर १८६७. बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनाचे टॉमस नाइल्स तिच्याकडे मुलींसाठी एक पुस्तक मागू लागले. मुलांच्या साहसकथा जोरात खपत होत्या, मुलींसाठी तसं काही नव्हतं. लुइसाने टाळाटाळ केली. मुलींमध्ये तिला रस नव्हता, आणि बहिणी सोडल्या तर फारशा मुली तिला ठाऊकही नव्हत्या, असं तिची रोजनिशी सांगते. पण वडिलांचंही एक पुस्तक त्याच प्रकाशकाने छापावं अशी घरात इच्छा होती. अखेर मे १८६८ मध्ये ती बसली. कॉन्कॉर्डच्या 'ऑर्चर्ड हाउस'मध्ये, वडिलांनीच दोन खिडक्यांच्या मधे बसवून दिलेल्या अर्धगोल फळीच्या टेबलाशी. मांडणीसाठी तिने घरात लहानपणापासून वाचलं जाणारं बनियनचं यात्रेकरूचं पुस्तक घेतलं, ज्याचा मराठी अवतार हरी केशवजींनी 'यात्रिक्रमण' नावाने केला. प्रत्येक बहिणीच्या पाठीवर एक गाठोडं : कुणाचा राग, कुणाची हौस, कुणाचा भित्रेपणा.

पहिली डझनभर प्रकरणं नाइल्सना नीरस वाटली. तिलाही तसंच वाटलं. मग नाइल्सनी ती आपल्या भाचीला वाचायला दिली आणि पोरगी हसत-रडत वाचतच राहिली. मोठ्यांचा निकाल तिथे रद्द झाला. जुलैच्या मध्याला हस्तलिखित पुरं झालं, आणि सप्टेंबरच्या अखेरीस पुस्तक दुकानात आलं. चित्रं धाकट्या मेची. समीक्षकांनी त्या चित्रांना नावं ठेवली, पण पहिल्या दोन हजार प्रती बघता बघता संपल्या. नाइल्सनी तिला एकरकमी पैसे न घेता कॉपीराइट स्वतःकडे ठेवायचा सल्ला दिला होता. प्रकाशकाने स्वतःच्या नुकसानीचा सल्ला द्यावा, हे त्या काळातही दुर्मीळच.

लगेच मुलींची पत्रं यायला लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच, कुणाचं लग्न कुणाशी होणार? जोचं लॉरीशी लावा, असा आग्रह. लुइसाच्या मनात जोला अविवाहित, लिहिती बाई ठेवायचं होतं, स्वतःसारखं. पण तेवढं कुणी ऐकणार नव्हतं. १ नोव्हेंबरला तिने दुसरा भाग सुरू केला, जवळपास रोज एक प्रकरण या वेगाने. नववर्षाच्या दिवशी तो पुरा झाला आणि १८६९ च्या एप्रिलमध्ये छापून आला. त्यात लॉरीचं लग्न एमीशी, आणि जोला मिळाला पोक्त, विस्कटलेल्या केसांचा, कफल्लक जर्मन प्रोफेसर. वाचकांनी लग्न मागितलं, तिने लग्न दिलं, पण त्यांनी मागितलेलं नाही. आजही वाचनकट्ट्यावर यावरून भांडणं होतात. माझं मत विचाराल तर जो आणि लॉरी वर्षभरात एकमेकांची डोकी फोडून मोकळे झाले असते.

त्याच वर्षी तिने घरचं सगळं जुनं कर्ज फेडलं, डॉक्टरांच्या बिलांसकट. पुढचं आयुष्य मात्र या यशाला जुंपलेलंच गेलं. डिसेंबर १८७० मध्ये इटलीत असताना अ‍ॅनाच्या नवऱ्याच्या निधनाची बातमी कळली, आणि दोन भाच्यांची तरतूद व्हावी म्हणून तिने 'लिटल मेन' लिहायला घेतलं. पायांत, डोक्यात सतत वेदना. त्या पाऱ्यामुळे आहेत असं ती मानायची. आजचे काही डॉक्टर ल्युपसचा तर्क करतात. उजव्या हाताचा अंगठा लिहून लिहून निकामी झाला, तेव्हा ती डाव्या हाताने लिहायला शिकली. मुलांसाठीच्या या पुस्तकांना ती खासगीत नावं ठेवायची. शेवटच्या 'जोज बॉइज'मध्ये (१८८६) तिची लेखिका झालेली जो, भेटायला आलेल्या चाहत्यांना चुकवायला मोलकरणीचं सोंग घेते. आणि पुस्तकाच्या अखेरीस, एका भूकंपात सगळी शाळा माणसांसकट गडप करून टाकावी असा मोह होतोय, हेही ती वाचकाला सांगून टाकते.

गावातही ती गप्प बसली नाही. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांना फक्त शाळा समितीसाठी मताचा हक्क मिळाला. कॉन्कॉर्डमध्ये नाव नोंदवणारी पहिली बाई लुइसा. इतरांना तयार करायला ती घरोघर फिरली. १८८० च्या मार्चमध्ये सगळ्या मिळून वीस जणींनी मत दिलं.

आई १८७७ मध्ये गेली होती. चित्रकार मे लग्न करून पॅरिसजवळ राहत होती. डिसेंबर १८७९ मध्ये बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तीही गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे तान्ही लुलू समुद्रापार मावशीकडे आली. सत्तेचाळीस वर्षांची, दुखणाईत, एकटी लुइसा आई झाली.

१८८७ मध्ये तिने अ‍ॅनाच्या एका मुलाला, जॉनला, कायद्याने दत्तक घेतलं. आपल्यामागे पुस्तकांचे हक्क घरात राहावेत आणि त्यांचं उत्पन्न सगळ्यांना मिळावं, ही त्यातली सोय. पुढच्या मार्चच्या पहिल्या तारखेला ती आजारी वडिलांना भेटून आली आणि स्वतःच अंथरुणाला खिळली. वडील ४ मार्चला गेले. तिला ते कळलंच नाही. ६ मार्च १८८८ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, तीही गेली. दोघांनाही कॉन्कॉर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत, एलिझाबेथजवळ पुरलं. आठ वर्षांची लुलू पुढे आपल्या वडिलांकडे स्वित्झर्लंडला परत गेली.